कथा, काव्य आणि कर्म : आधुनिक ड्रुइडांचे अध्ययन

१

ज्या पंथाच्या आचार्यांनी स्वहस्ते लिहिलेली एक ओळही कोणत्या दप्तरात उपलब्ध नाही, ज्याची गुरुशिष्यपरंपरा बारा-तेराशे वर्षांपूर्वीच पूर्णपणे खंडित झाली, आणि ज्याच्याविषयीची समकालीन माहिती बहुतांशी त्याच्या शत्रूंच्या लेखणीतून उतरलेली आहे, अशा पंथाचे नाव धारण करून आज ब्रिटन, आयर्लंड आणि अमेरिका या देशांत हजारो स्त्रीपुरुष पुराणकथा वाचतात, काव्य रचतात आणि ऋतुमानाप्रमाणे उत्सवकर्मे करतात. हे लोक स्वतःला ड्रुइड म्हणवितात. त्यांच्या या उद्योगाकडे प्राचीनतेच्या हौसेने चाललेले वेषांतर म्हणून पाहण्याची रीत विद्वानांत पुष्कळ काळ रूढ होती. परंतु गेल्या अर्धशतकात या पंथातील विचारी मंडळींनी आपल्या परंपरेच्या उगमाचा जो निर्भय शोध घेतला, आणि त्या शोधाचा निकाल प्रतिकूल लागल्यावरही अध्ययनाचा जो नेम सोडला नाही, तो पाहिला म्हणजे परंपरेचे मोल तिच्या वयावर ठरावे की तिच्यासाठी केलेल्या परिश्रमावर, या प्रश्नाचे एक आदरणीय उत्तर येथे मिळते.

प्राचीन ड्रुइडांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मुख्य साक्षीदार ज्युलियस सीझर होय. गॉलचा मुलूख, म्हणजे आजचा फ्रान्स आणि त्याच्या लगतचा प्रदेश, जिंकीत असता त्याने लिहिलेल्या युद्धवृत्तांताच्या सहाव्या भागात तो सांगतो की ड्रुइड हे देवकार्य पाहतात, लोकांचे तंटे तोडतात आणि तरुणांना विद्या देतात; त्यांच्यापाशी असंख्य पद्ये मुखोद्गत करावी लागत असल्यामुळे काही शिष्य वीस वर्षेपर्यंत अध्ययन करीत राहतात; आणि इतर व्यवहारांत ग्रीक लिपीचा उपयोग करणारे हे लोक आपली विद्या मात्र लिहून ठेवणे निषिद्ध मानतात. या निषेधाची दोन कारणे सीझर देतो: विद्या सामान्यांत पसरू नये हे एक, आणि लेखनावर भरवसा ठेवून शिष्यांची स्मृती शिथिल होऊ नये हे दुसरे. वेदपाठशाळांची पद्धत ज्याने पाहिली आहे अशा मराठी वाचकाला ही हकीकत परकी वाटणार नाही. फरक इतकाच की वेदाध्यायींची मुखपरंपरा टिकली आणि ड्रुइडांची टिकली नाही, म्हणून एका बाजूला संहिता हाती राहिली व दुसऱ्या बाजूला केवळ परकीयांची साक्ष उरली.

ग्रीक भूगोलवेत्ता स्ट्रेबो याने या विद्वानांचे तीन वर्ग सांगितले आहेत: स्तुतिकवने गाणारे बार्ड, भविष्य व निसर्गविद्या जाणणारे व्हेट्स अथवा ओव्हेट, आणि निसर्गविद्येला नीतिविचाराची जोड देणारे ड्रुइड. प्लिनीने ओक वृक्षावरील बांडगूळ चंद्राच्या सहाव्या दिवशी सोन्याच्या विळ्याने कापण्याचा विधी वर्णिला आहे; आणि टॅसिटसने इ. स. ६० किंवा ६१ च्या सुमारास वेल्सलगतच्या मोना बेटावर, म्हणजे आजच्या अँगलसीवर, रोमन सैन्याने चाल करून तेथील देवराया कशा तोडल्या ते नमूद केले आहे. प्राचीन साक्षीचा गाभा एवढाच. त्यात देवतांची व्यवस्थित नामावली नाही, एकाही मंत्राचा मजकूर नाही. स्टोनहेंजची महाशिला-वर्तुळे ड्रुइडांनी उभारली ही लोकप्रिय समजूतही निराधार आहे. ते स्मारक इ. स. पूर्वी ३००० ते २००० या सहस्रकात टप्प्याटप्प्याने उभे राहिले, आणि ड्रुइडांचे लेखी उल्लेख त्यानंतर दोन हजार वर्षांनी सुरू होतात. जॉन ऑब्रे याने सतराव्या शतकात मांडलेला आणि विल्यम स्टुकली याने १७४० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विस्तारलेला हा तर्क लोकमानसात इतका रुजला की पुढील दोन शतके तो सिद्धांतच समजला गेला.

२

या रिकाम्या जागेत एक विलक्षण प्रतिभेचा पुरुष उभा राहिला. वेल्सच्या ग्लॅमॉर्गन परगण्यात १७४७ साली जन्मलेला एडवर्ड विल्यम्स हा धंद्याने पाथरवट होता. कवी म्हणून त्याने योलो मॉर्गानुग हे नाव घेतले आणि त्याच नावाने तो प्रसिद्ध आहे. जुन्या वेल्श हस्तलिखितांचे त्याच्याइतके ज्ञान त्या काळी फार थोड्यांना होते. गावोगाव पायी हिंडून, उपेक्षित पोथ्यांच्या नकला करून त्याने एका उपेक्षित भाषेचे वाङ्मय नष्ट होण्यापासून वाचविले. गुलामांच्या श्रमाने पिकविलेली साखर आपल्या दुकानात विकायची नाही असा त्याचा बाणा होता. पण याच पुरुषाने स्वतः रचलेल्या कविता चौदाव्या शतकातील महाकवी दाविद आप ग्विलिम याच्या नावावर खपविल्या, जुन्या त्रिवचनांच्या, म्हणजे तीन गोष्टी एका सूत्रात बांधणाऱ्या वचनांच्या, संग्रहात स्वतःची त्रिवचने मिसळली, प्राचीन कवींची म्हणून एक लिपी बनविली, आणि ग्लॅमॉर्गनच्या कविमंडळात ड्रुइडांची परंपरा अखंड चालत आली असून आपण तिचे वारस आहोत असे जाहीर केले. १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर त्याने आपल्या ‘गॉर्सेद’ या कविसभेचा पहिला समारंभ केला, आणि १८१९ साली कारमार्दन येथे ही सभा ‘आयस्टेडवॉड’ नावाच्या वेल्श काव्यस्पर्धेच्या उत्सवाला जोडून दिली. त्याच्या मृत्यूनंतर त्याचे कागद ‘बार्दस’ या नावाने १८६२ व १८७४ साली दोन खंडांत छापले गेले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ग्रिफिथ जॉन विल्यम्स या वेल्श पंडिताने मूळ हस्तलिखितांची कसून तपासणी केली आणि योलोच्या साधनांतील अस्सल किती व बनावट किती याचा निवाडा पुराव्यानिशी मांडला. या निवाड्यावर अपील संभवत नाही. तरीही आजचे अनेक ड्रुइड आपल्या कर्मात जी प्रार्थना म्हणतात ती योलोची. काव्यस्फूर्तीचे प्रतीक म्हणून तीन किरणांचे जे चिन्ह काढतात तेही योलोचेच. आणि संपाते व अयनदिवस यांना ‘आल्बान’ शब्दाने सुरू होणारी जी नावे देतात त्यांचा उगमही त्याच्याच कागदांत. हे जाणूनही त्यांनी ही सामग्री ठेवली आहे, आणि ठेवताना तिच्यावरील प्राचीनतेची मोहोर काढून टाकली आहे. ती प्रार्थना मागते ज्ञान, न्याय आणि न्यायाविषयीचे प्रेम. अशी मागणी अठराव्या शतकातील पाथरवटाने केली म्हणून कमी पवित्र ठरत नाही, आणि ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहे असे खोटे सांगितल्याने अधिक पवित्रही होत नाही.

अध्ययनाला मध्यवर्ती स्थान देणारा आधुनिक ड्रुइडपंथ १९६४ साली आकाराला आला. रॉस निकल्स (१९०२–१९७५) हा लंडनमधील शिक्षक आणि कवी. जेम्स कर्कप या कवीच्या सहकार्याने त्याने १९४६ सालीच पुराणकथा व काव्य यांच्या संबंधावर एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. जुन्या ड्रुइड मंडळात नेतृत्वाच्या निवडीवरून मतभेद झाल्यावर तो बाहेर पडला आणि त्याने ‘ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स’ ही संस्था स्थापिली. स्ट्रेबोने सांगितलेले तीन वर्ग त्याने अध्ययनाचे तीन टप्पे म्हणून योजिले: प्रथम बार्ड होऊन कथा व काव्य शिकावे, मग ओव्हेट होऊन वृक्ष, वनस्पती व पूर्वज यांचे ज्ञान मिळवावे, आणि शेवटी ड्रुइड म्हणून ते ज्ञान लोकांच्या सेवेत आणावे. १९८८ साली फिलिप कार-गॉम याच्याकडे संस्थेची सूत्रे आली तेव्हा हे शिक्षण टपालाने घरोघर पाठविण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि खेड्यात एकट्या राहणाऱ्या माणसालाही अभ्यासाचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेत आयझॅक बोनविट्स याने १९८३ साली ‘आर ड्रीओख्त फेन’ ही स्वतंत्र संस्था काढली. तिने तर पहिल्या पायरीवरच्या साधकालाही इंडो-युरोपीय संस्कृतींच्या अभ्यासाचे ग्रंथ वाचून त्यांवर निबंध लिहिण्याची अट घातली.

३

या अध्ययनाचे पहिले अंग पुराणकथा हे आहे. या कथा ड्रुइडांनी लिहिलेल्या नाहीत. त्या ख्रिस्ती मठांत व सरदारांच्या आश्रयाने तयार झालेल्या पोथ्यांतून आल्या आहेत. आयर्लंडची ‘लेबर ना हुद्रे’ ही पोथी इ. स. ११०० च्या सुमाराची; वेल्सच्या ‘माबिनोगी’ कथांच्या पूर्ण प्रती चौदाव्या शतकाच्या मध्याची ‘ऱ्हिदर्खची श्वेत पोथी’ आणि तिच्यामागून आलेली ‘हेर्गेस्टची लाल पोथी’ यांत आहेत. म्हणजे जुन्या देवधर्माचा अस्त आणि कथेचे लेखन यांत कित्येक शतकांचे अंतर पडले आहे. त्या कथांतील कोणता अंश जुन्या देवतांचा, कोणता मठवासी लेखकाच्या बायबल-व्यासंगाचा आणि कोणता दरबारी कथेकऱ्याच्या रंजनाचा, याचा विवेक केल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, आणि म्हणूनच जागरूक साधक एकाच भाषांतरावर संतुष्ट राहत नाही. लेडी शार्लट गेस्ट हिने १८३८ ते १८४९ या काळात केलेले गोड, पण आपल्या काळाच्या संकोचांनी मर्यादित झालेले इंग्रजी रूपांतर, १९७७ चे पॅट्रिक फोर्डचे भाषांतर, आणि या कथा मुळात ऐकविण्यासाठी होत्या हे ध्यानी ठेवून स्योनेद डेव्हिस हिने २००७ साली सिद्ध केलेले भाषांतर, ही शेजारी ठेवून वाचली म्हणजे कथेचा कणा कोणता आणि पेहराव कोणता ते कळू लागते.

बार्डच्या पायरीवर ज्या कथेचे चिंतन विशेष केले जाते ती तालिएसिनच्या जन्माची आहे. सोळाव्या शतकात एलिस ग्रिफिद या वेल्श सैनिकाने आपल्या बखरीत तिची एक जुनी नोंद ठेवली आहे. बाला गावाजवळच्या तेगिद सरोवरात केरिद्वेन नावाची मंत्रविद्येत निष्णात स्त्री राहत असे. तिचा एक पुत्र अत्यंत कुरूप होता. रूपाने नाही तर ज्ञानाने तरी त्याला जगात मान मिळावा म्हणून तिने एका कढईत वनस्पतींचा काढा ठेवला. तो एक वर्ष आणि एक दिवस उकळायचा होता, आणि त्यातून ज्ञानाचे तीनच थेंब निघायचे होते. कढई ढवळण्याचे काम ग्विऑन बाख या गरीब मुलाकडे होते. मुदत भरताच तीन थेंब उडाले आणि मातेच्या पुत्राऐवजी त्या चाकराच्या वाट्याला गेले. त्याला भूत-भविष्याचे ज्ञान झाले, आणि पहिले ज्ञान हे झाले की केरिद्वेन आपल्याला मारील. तो ससा होऊन पळाला, ती शिकारी कुत्री झाली. तो मासा झाला, ती पाणमांजर. तो पक्षी झाला, ती ससाणा. शेवटी तो गव्हाचा दाणा होऊन खळ्यातल्या राशीत लपला, तेव्हा तिने काळ्या कोंबडीच्या रूपाने तो दाणा गिळला. नऊ महिन्यांनी तो तिच्याच पोटी जन्मास आला. त्याचे सौंदर्य पाहून तिला त्याला मारवेना, म्हणून तिने त्याला पाण्यात सोडून दिले. आणि मासे धरण्याच्या बांधापाशी एल्फिन नावाच्या दुर्दैवी राजपुत्राला तो सापडला. त्याच्या तेजस्वी कपाळावरून त्याचे नाव तालिएसिन पडले. पुढे तो कवींचा मुकुटमणी झाला.

ही कथा एकदा वाचून बाजूला ठेवण्याची नाही. साधक ती महिनोन् महिने मनात वागवितो. पाठ करून मोठ्याने सांगतो. ग्विऑनच्या बाजूने, केरिद्वेनच्या बाजूने, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्या वंचित पुत्राच्या बाजूनेही विचार करतो. धावपळीतील चार रूपांतरे पृथ्वी, जल, वायू आणि शेवटी धान्याच्या कणातले बीजरूप अशी मांडून तो निसर्गाच्या एकेका अवस्थेचे निरीक्षण करतो. ज्ञान कर्तृत्वाने मिळाले की योगायोगाने, ते ज्याच्यासाठी सिद्ध केले त्याला का मिळाले नाही, आणि ज्ञान मिळाल्यावरही पुन्हा गर्भवासातून का जावे लागले, हे प्रश्न कथाच उभे करते. आयर्लंडच्या फिन या वीरालाही ज्ञानाचा मासा भाजताना अंगठा पोळून, तो तोंडात घातल्यावर असेच ज्ञान झाले होते. दोन्ही कथांत ते ज्ञान दुसऱ्याच्या नावे ठेवलेले होते आणि चाकरी करणाऱ्याला मिळाले. असे साम्य ध्यानी आले म्हणजे एका कथेच्या अंगणातून दुसऱ्या कथेच्या अंगणात जाण्याची वाट सापडते, आणि पुराणकथेचे अध्ययन हे केवळ वाचन न राहता मनन होते.

४

दुसरे अंग काव्याचे. मध्ययुगीन आयर्लंडात ‘फिली’ म्हणून ओळखला जाणारा कविवर्ग होता. त्याचा अभ्यासक्रम बारा वर्षांचा सांगितला आहे, आणि त्यातील सर्वोच्च पदवीधराचा मान राजाच्या बरोबरीने होता. शेकडो कथा, वंशावळी, स्थलनामांच्या उत्पत्ती आणि क्लिष्ट वृत्ते त्याला अवगत असावी लागत. स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांविषयी १७०३ साली लिहिताना मार्टिन मार्टिन याने सांगितले आहे की तेथील कवी अंधाऱ्या खोलीत उताणे पडून, डोळे झाकून, पोटावर दगड ठेवून काव्य रचीत. ड्रुइडांचा अस्त झाल्यानंतर हजार वर्षांनीही ही शिस्त जिवंत होती. म्हणून आधुनिक ड्रुइडाला आपल्या पंथाचा सर्वांत बळकट ऐतिहासिक आधार शोधायचा तर तो देवरायांपेक्षा या कविशाळांतच शोधावा लागतो.

वेल्समधील काव्यशिस्त तर आजही चालू आहे. ‘कंघानेद’ नावाचा तिचा व्यंजनबंध इतका कठोर आहे की ओळीच्या एका अर्धातील व्यंजने त्याच क्रमाने दुसऱ्या अर्धात यावी लागतात, किंवा अंतर्गत यमकांची ठरीव गुंफण साधावी लागते. राष्ट्रीय आयस्टेडवॉडमध्ये या बंधातील उत्तम दीर्घकाव्याला खुर्ची बहाल होते. स्पर्धक टोपणनावाने काव्य पाठवितो; निकालाच्या दिवशी ते टोपणनाव पुकारले जाते, कवी सभेतून उभा राहतो, त्याला व्यासपीठावर नेले जाते, आणि अर्धवट उपसलेल्या तलवारीखाली मुख्य ड्रुइड सभेला तीन वेळा विचारतो, शांती आहे काय? सभेने तीनही वेळा शांतीचा होकार दिल्यावरच तलवार म्यान होते आणि कवी खुर्चीवर बसतो. ती तलवार कधीच पूर्ण उपसायची नाही असा दंडक आहे. हा सारा विधी योलोच्या कल्पनेतून निघाला. तो चालविणारी गॉर्सेद ही धर्मसंस्था नसून सांस्कृतिक संस्था आहे, आणि रोवन विल्यम्स हे ख्रिस्ती धर्माध्यक्षही २००२ साली तिचे सभासद झाले.

पण कल्पनेतून निघालेला विधी राष्ट्राच्या जिव्हारी कसा पोचतो याचा दाखला १९१७ च्या सप्टेंबरात बर्कनहेड येथे मिळाला. विजयी काव्याचे टोपणनाव तीनदा पुकारले गेले आणि कोणीच उभे राहिले नाही. तो कवी ट्राउसवेनीदजवळच्या शेतावरचा एलिस हंफ्री एव्हान्स, काव्यनाम हेद विन. ३१ जुलै रोजी बेल्जियमच्या रणभूमीवर तो पडला होता, वय तीस. रिकामी खुर्ची काळ्या वस्त्राने झाकण्यात आली. ती खुर्ची बेल्जियममधून आश्रयाला आलेल्या युजीन व्हॅनफ्लेटरेन या कारागिराने घडविली होती, आणि युद्ध चालविणारे पंतप्रधान लॉइड जॉर्ज त्या सभेत उपस्थित होते. शांती आहे काय, हा प्रश्न शंभर वर्षे उत्सवी थाटात विचारला जात होता. त्या दिवशी त्याचे उत्तर देताना प्रत्येकाला आपल्या घरातील एखादा मुलगा आठवला असेल. विधीची सत्यता त्याच्या जन्मतारखेवर नव्हे तर अशा क्षणी तो किती भार पेलतो यावर ठरते, हे त्या दिवसाने दाखविले.

काव्यस्फूर्तीला वेल्श भाषेत ‘आवेन’ म्हणतात. नवव्या शतकातील एका लॅटिन इतिवृत्तात एका प्राचीन कवीला तिचा पिता म्हटले आहे, आणि बाराव्या शतकात वेल्सच्या जेरल्डने स्फूर्तीच्या भरात भान हरपून बोलणाऱ्या, तिच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसांचे वर्णन केले आहे. आजचे ड्रुइड कर्माच्या वेळी हाच शब्द दीर्घ स्वरात तीनदा उच्चारतात. पण स्फूर्तीची वाट पाहत बसणे ही त्यांची रीत नव्हे. नवशिक्याला त्रिवचने रचायला लावतात, म्हणजे एका सूत्रात तीन गोष्टी बांधायला. त्यायोगे विचार आटोपशीर होतो आणि स्मरणात राहतो. एकाच वृक्षाला वर्षभर भेट देऊन प्रत्येक ऋतूत त्याच्यावर काही ओळी लिहायला सांगतात. आयरिश परंपरेतील आमेर्गिन या कवीने आयर्लंडच्या किनाऱ्यावर पहिले पाऊल ठेवताना आपणच वारा, लाट, बैल, ससाणा आहोत असे उच्चारले, अशी कथा आहे. भारतीय वाचकाला तेथे गीतेतील विभूतियोगाची आठवण होईल. त्या धर्तीवर स्वतःच्या नदीकाठाची, स्वतःच्या डोंगराची अशी आत्मोक्ती रचताना साधकाला प्रथम त्या नदीचे व डोंगराचे नाव-गाव, झाडे-पाखरे माहीत करून घ्यावी लागतात. जो पाहत नाही त्याला रचता येत नाही, आणि काव्य हे या पंथात निरीक्षणाचे शास्त्र होते ते अशा रीतीने.

५

तिसरे अंग कर्म. वर्षाचे आठ उत्सव आधुनिक ड्रुइड पाळतात: नोव्हेंबरच्या आरंभीचा सौइन, फेब्रुवारीच्या आरंभीचा इम्बोल्क, मेच्या आरंभीचा बेल्टेन आणि ऑगस्टच्या आरंभीचा लूनसा हे आयरिश ग्रंथांतून आलेले चार, आणि दोन अयनदिवस व दोन संपातदिवस मिळून दुसरे चार. यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र इतिहास आहे. परंतु आठांचे एकच चक्र बांधणे हे विसाव्या शतकाच्या मध्याचे कार्य असून त्यात निकल्स आणि त्याचा मित्र, विक्का पंथाचा प्रवर्तक जेरल्ड गार्डनर, यांच्या वर्तुळाचा वाटा मोठा आहे. वृक्षांच्या तेरा महिन्यांचे जे पंचांग पुष्कळांना प्राचीन वाटते तेही रॉबर्ट ग्रेव्ह्ज या कवीने १९४८ सालच्या ‘द व्हाइट गॉडेस’ या ग्रंथात रचलेले आहे. रॉनल्ड हटन या इतिहासकाराने अशा अनेक गोष्टींचा उगम दाखवून दिला, आणि ड्रुइडांच्या मेळाव्यांतच त्याचे ग्रंथ आदराने वाचले जातात, ही या समाजाच्या मनोवृत्तीची साक्ष आहे.

ब्रिटिश पद्धतीचे कर्म मोकळ्या जागेत, वर्तुळ करून होते. आरंभी चारही दिशांना तोंड करून शांतीची घोषणा करतात, कारण शांती नसेल तेथे कर्म पुढे चालवू नये असा संकेत आहे. धूप आणि पाणी वर्तुळाभोवती फिरवून जागा शुद्ध करतात. योलोची प्रार्थना म्हणतात. त्या ऋतूची कथा सांगतात अथवा संवादरूपाने सादर करतात. भाकर आणि मधापासून केलेले मद्य, मीड, सर्वांत वाटतात. आणि दिशांचे आभार मानून वर्तुळ मोडतात. त्यानंतर पुष्कळदा शेकोटीभोवती काव्यगायनाची बैठक भरते, आणि त्या बैठकीलाही आयस्टेडवॉडच म्हणतात. अमेरिकन पद्धतीत मध्यभागी अग्नी, विहीर आणि वृक्ष यांची स्थापना असते. देवता, पूर्वज आणि निसर्गातील सत्त्वे या तिन्ही गणांना धान्य, तेल, मीड अर्पण करतात. मग शकुन पाहून अर्पणाचा स्वीकार झाला की नाही ते ठरवितात आणि आशीर्वादाचे पाणी प्राशन करतात. रक्तबळी वर्ज्य आहे.

कथा, काव्य आणि कर्म यांचा परस्परसंबंध येथे स्पष्ट होतो. कथेचे अध्ययन नसलेले कर्म हे अर्थहीन हालचालींचे संचलन होईल. काव्याचा अभ्यास नसेल तर प्रार्थनेची भाषा उसनी व बोथट राहील. आणि कर्म नसेल तर कथा व काव्य ही ग्रंथालयाच्या कपाटात बंद होतील. स्मृतीला कथेने आशय मिळतो, वाणीला काव्याने शिस्त मिळते, आणि हातापायांना, म्हणजे प्रत्यक्ष आचरणाला, कर्माने जागा मिळते. जे कर्म रचतात त्यांना प्रत्येक अंगाचा उगम सांगता आला पाहिजे असा आग्रह जाणत्या मंडळींत धरला जातो. हे प्लिनीचे, हे योलोचे, हे निकल्सचे, आणि हे आम्ही गेल्या वर्षी रचले, असे स्वच्छ सांगून केलेले कर्म दुबळे होत नाही. करणाऱ्याच्या मनात कोणतीही चोरटी भीती उरत नाही म्हणून ते अधिक निष्ठेने होते.

६

या अध्ययनाशी भारताचा एक खरा संबंध आहे. व्हिटली स्टोक्स (१८३०–१९०९) हा डब्लिनचा विद्वान १८६२ साली हिंदुस्थानात आला. १८७७ ते १८८२ या काळात तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री होता, आणि या देशाचे दिवाणी व फौजदारी कामकाजाचे कायदे त्याच्या हातून घडले. दिवसभर कायद्यांचे मसुदे तपासणारा हा अंमलदार उरलेल्या वेळात जुन्या आयरिश पोथ्यांचे पाठ संपादित करी. नवव्या-दहाव्या शतकातील कॉर्मक नावाच्या राजबिशपचा शब्दकोश, ज्यात प्राचीन कवींच्या दिव्यदृष्टीच्या विधीचे वर्णन आहे, त्याने १८६८ साली कलकत्त्यास छापविला. आज डब्लिन किंवा मिनेसोटा येथील साधक कवींच्या त्या विधीचा उल्लेख वाचतो तेव्हा त्या वाचनाच्या मागे कलकत्त्याच्या छापखान्यातील खिळे आहेत. पुढील शतकात माइल्स डिलन या आयरिश पंडिताने सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेत राहून केल्ट व आर्य समाजांचा तौलनिक अभ्यास केला. त्याचा ग्रंथ त्या संस्थेने १९७५ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध केला.

डिलनने ज्या साम्याकडे विशेष लक्ष वेधले ते सत्यक्रियेचे होय. उच्चारलेल्या सत्यात सृष्टीवर परिणाम करण्याचे सामर्थ्य असते ही कल्पना आपल्या जातककथांत व महाभारतात आहे, आणि आयरिश वाङ्मयात ती राजाच्या सत्याच्या रूपाने येते: राजा न्यायाने वागला तर धान्य पिकते, गाईंना दूध येते, त्याने खोटा निवाडा केला तर जमीन वांझ होते. स्टोक्सने १८९२ साली संपादिलेल्या एका कथेत तारा येथील लुगेद राजापुढे फिर्याद येते की कोणाच्या तरी मेंढ्यांनी राणीच्या बागेतील निळा रंग देणारी रोपे खाल्ली. राजा निकाल देतो की मेंढ्या जप्त कराव्या. तेव्हा कॉर्मक नावाचा (वरील राजबिशपाहून निराळा) लहान मुलगा म्हणतो, नाही, रोपे पुन्हा उगवतील आणि लोकरही पुन्हा उगवेल, म्हणून एका कातरणीच्या बदल्यात एकच कातरणी द्यावी. त्याच क्षणी ज्या बाजूला बसून खोटा निवाडा दिला होता ती घराची बाजू उतारावरून घसरते, आणि लुगेदला राज्य सोडावे लागते.

ज्या परंपरेच्या कथांत सत्याला एवढे सामर्थ्य दिले आहे तिच्या अनुयायांनी आपल्याच उगमाविषयी असत्य बोलावे, हा त्या कथांशी केलेला द्रोह झाला असता. योलोने घर बांधले, पण त्याच्या एका भिंतीखाली खोटी सनद पुरली. ती सनद बाहेर काढल्यानंतर घर कोसळेल असे पुष्कळांना वाटले होते. तसे झाले नाही, कारण तोपर्यंत त्या घरात राहणाऱ्यांनी कथा पाठ केल्या होत्या, वृत्ते साधली होती, झाडे ओळखली होती, आणि आठ उत्सवांच्या दिवशी थंडीवाऱ्यात उभे राहण्याची सवय अंगी बाणविली होती. परंपरेला आधार देणारी वस्तू हीच होती. प्राचीनता वारशाने मिळते व म्हणून ती खोट्या दाखल्याने मिळविण्याचा मोह होतो. अध्ययन मात्र प्रत्येक पिढीतील प्रत्येक माणसाला पहिल्या अक्षरापासून स्वतःच करावे लागते, आणि त्याची बनावट सनद कोणालाही देता येत नाही. ज्या समाजांपाशी खरोखरच प्राचीन संहिता आहेत त्यांनीही आपल्या नित्य पाठाविषयी हाच प्रश्न स्वतःला विचारावा, इतके या तरुण परंपरेचे उदाहरण मोलाचे आहे.